दादाचा जबाब

बडनेऱ्याच्या फलाटावर मला सोडायला दादा दुकान बंद करून आला होता. चांदूर बाजारला आमचं सोनारकाम. वडील गेल्यावर भट्टीपाशी बसून दादानंच मला वकिलीपर्यंत शिकवलं. गाडी हलली तसा तो म्हणाला, "जाय. इथलं मी पायतो." स्वातंत्र्याला तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती.

मुंबईत फोर्टातल्या एका मोठ्या वकिलांच्या हाताखाली मी परकीय चलनाचे आणि आयात परवान्यांचे खटले चालवायला शिकलो. परदेशात पैसा दडवणारे, खोट्या कागदांवर माल आणणारे आमचे अशील. 'तुम्ही हे केलंत का?' असं त्यांना विचारायचं नसतं. सरकारला काय सिद्ध करता येईल, तेवढंच बघायचं. हळूहळू माझं नाव झालं. बोलण्यातलं 'मले-तुले' गेलं. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गाव सोडून गेले, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग सोन्याचा कायदा आला. चौदा कॅरेटहून चोख दागिना घडवायला बंदी झाली. शेजारच्या चंद्रभागाबाईंनी लेकीच्या लग्नासाठी स्वतःच्या पाटल्या आणून दिल्या आणि दादानं त्यांचं मंगळसूत्र घडवलं, तांबं न मिसळता. आठवड्याभरात दुकानावर धाड पडली.

मी मिळेल त्या गाडीनं गेलो. पंचनामा वाचला आणि हायसं वाटलं. सही करणारा एक पंच त्या दिवशी गावातच नव्हता. असल्याच पंचनाम्यावर महिन्यापूर्वी मी एका आयातदाराला सोडवलं होतं.

"तू फक्त म्हण, मला ठाऊक नाही," मी दादाला सांगितलं. "बाकीचं मी बघतो."

"माह्या हातचं काम हाय थे. ठाऊक नाही कसं म्हणू?"

"दादा, तुरुंगात जाशील!"

"मंग जाईन."

मी चिडलो, हात जोडले, वहिनीला मध्ये घातलं. अमरावतीच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटनं विचारलं, तेव्हा माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "हो साहेब. म्याच केलं." माझे मुद्दे कागदावरच राहिले. महिन्याची शिक्षा झाली. मंगळसूत्र जप्त झालं. चंद्रभागाबाईंच्या पोरीचं लग्न नुसत्या काळ्या मण्यांवर लागलं.

दादाचा परवानाही गेला. आता तो वरूडला संत्र्यांची खोकी ठोकतो. आयुष्यभर नाजूक हातोडी धरलेल्या माणसाचे अंगठे खिळ्यांवरच्या घावांनी काळेनिळे झालेत. तो आयातदार मात्र दर दिवाळीला मला मिठाई पाठवतो. मला कायद्याचा राग येतो, दादाचा येतो, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. इतकी वर्षं घालवून जे शिकलो, ते ज्यानं शिकवलं त्याच्याच कामी आलं नाही.

मागच्या खेपेला जेवताना वहिनीनं विचारलं, "खरं सांगा भाऊजी, थे खोटं बोलले असते तं सुटले असते ना?"

मुंबईत मला असं कोणी विचारत नाही. दादा खाली मान घालून भाकर मोडत होता.

"हो," मी म्हणालो. "सुटला असता."

मग दादानं स्वतःच्या हातानं माझ्या ताटात आणखी एक भाकर वाढली. "जेव. थंडी होऊन राहिली."

घर म्हटलं की मला हल्ली ते ताट आठवतं. तिथं जायचा धाक वाटतो, आणि दुसरीकडे कुठं जावंसं वाटत नाही.