न कलणारी होडी

तात्या कुठंही बसायच्या आधी ती वस्तू हलवून बघत. पाट असो, खाट असो, लग्नातली खुर्ची असो, तळवा टेकवायचा, एका कडेला भार द्यायचा आणि स्वतःशीच विचारायचं, "कलत नाय ना?" ते माझे चुलत सासरे. रोह्याच्या खालच्या अंगाला, कुंडलिकेच्या काठी भाताची शेती करणारे. मी पेणहून, रामवाडीतून, नवी नवरी म्हणून आले तेव्हा मला वाटलं, म्हातारा विक्षिप्त आहे. मी तरी काय, तोंडाला पावडर फासून चुलीपुढं बसणारी बया! ती पावडर बघायला म्हशींखेरीज कुणाला सवड नव्हती.

तात्यांच्या त्या सवयीचं कारण जाऊबाईंनी सांगितलं. आदल्या हिवाळ्यात तात्यांचा थोरला, म्हादू, ठासणीची बंदूक घेऊन खाडीत बदकं मारायला गेला होता. होडी एका खोडाची, कोरलेली, अरुंद. बार काढायला तो उभा राहिला, बंदुकीचा धक्का बसला आणि होडी उलटली. खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत सापडला तेव्हा बंदुकीचा पट्टा गळ्यातच होता. आता धाकटा गणू त्याच पाण्यावर जायचं म्हणत होता. त्याला मासे हवे होते, बदकंही हवी होती.

"जाशील," तात्या म्हणाले, "पण माझ्या होडीतून."

तात्यांनी जन्मात नांगराशिवाय काही घडवलं नव्हतं. सुपारीच्या विरीच्या, म्हणजे झावळीच्या रुंद देठाच्या, इवल्या होड्या करून ते घंगाळात सोडत. मधोमध वांगं उभं करायचं, तो माणूस. त्याला टिचकी मारायची, तो बंदुकीचा धक्का. वांगं पाण्यात पडलं की "हा गेला" म्हणत आणि नवी विरी घेत. किती वांगी गेली! मी ती गुपचूप उचलून भरीत करायची आणि वाढताना तोंड दाबून हसायची.

मग ऐनाच्या लाकडाच्या फळ्या आल्या. बूड सपाट ठेवलं, पोट रुंद. फटींत कापूस आणि राळ ठासली. खाडीकडचा सुतार बघायला आला नि हसला, "तात्या, ही होडी नाय, काथवट हाय. पीठ मळा हिच्यात."

"मळू की. कलली नाय म्हंजे झालं."

होडी गावतळ्यात उतरवली. तात्यांनी मलाच हाक मारली, "सूनबाय, मुसळ घे नि हिच्यात उभी ऱ्हा गो."

"मीच का?"

"तू बरोबर म्हादूच्या वजनाची हायस."

सगळं गाव काठावर आणि मी होडीत, मुसळ खांद्याला लावून! "ठो कर," तात्या ओरडले. मी ठो केलं आणि अंग मागं झोकलं. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. होडी जराशी डुलली आणि थांबली. मला राग कशाचा आला माहीत आहे? वजनाचा. रुसून जेवले नाही मी. एक बाप मेलेल्या मुलाला माझ्यात उभं करून बघत होता, आणि या बाईसाहेबांना स्वतःच्या कमरेची पडली होती!

गणू त्या होडीतून वर्षानुवर्षं फिरला. परतला की तात्या ना मासे बघत ना बदकं. त्याच्या सदऱ्याचा काठ चाचपत. "सुका हायस," एवढंच म्हणत आणि आत जात. चेहऱ्यावर आनंद असा कधी दिसला नाही. पुढं वरच्या अंगाला कारखाने आले, मासे पोट वर करून वाहत आले, गणू कंपनीत शिफ्टला जाऊ लागला. होडी अंगणात पालथी पडली. तात्या येताजाता तिच्याही कडेला भार देऊन बघत.

शेवटच्या आजारात ते गणूलासुद्धा ओळखत नव्हते. एका दुपारी मला मात्र ओळखलं.

"सूनबाय, उभी ऱ्हा गो."

मला समजलं. कोपऱ्यातलं मुसळ उचललं, खांद्याला लावलं आणि खाटेपाशी उभी राहिले. तोवर माझ्यात दीड म्हादू मावला असता. मी हळूच ठो केलं.

"कलली?"

"नाय तात्या. जरा पण नाय."

त्यांनी आढ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "मंग म्हादू कसा घरी नाय आला?"

मी मुसळ खाली ठेवलं नाही. तशीच उभी राहिले.