प्रहसनातली बायको

पर्थहून निघालेलं छोटं विमान कालगुर्लीवर झुकलं, तेव्हा खाली फक्त तांबडी माती आणि विरळ झुडपं होती. मग एकाएकी सोन्याच्या खाणीचा अवाढव्य खड्डा दिसला. मी मांडीवरचे ह्यांचे कागद घट्ट धरले.

ह्यांना जाऊन दीड वर्ष झालं. पुण्यात इंग्रजी शिकवायचे. अठराव्या शतकातला एक विस्मरणात गेलेला इंग्रज कवी आणि नाटककार सगळाच्या सगळा मराठीत आणायचा, हा ह्यांचा ध्यास. प्रार्थना, टवाळ कविता, एक शोकांतिका, एक प्रहसन. प्रत्येक सुट्टी त्यात गेली. रागाने मी त्यातली ओळही वाचली नव्हती. इथल्या मार्गारेटलाही त्याच कवीचा नाद. दोघांची वर्षानुवर्षं पत्रं चालत. देशाच्या दुसऱ्या टोकाला, ग्लेन वेव्हर्लीला मुलाकडे आलेच होते, म्हटलं, कागद तिच्या हवाली करून मोकळं व्हावं.

"आई, कुरिअर कर ना," मुलगा म्हणाला. ते मात्र मनाला पटेना.

उतरल्यावर कळलं, कपड्यांची बॅग पर्थलाच राहिली. टॅक्सी घेऊन आलेली मार्गारेट म्हणाली, "नो वरीज, आर्वोला येईल." म्हणजे दुपारनंतर. पण बॅग आली नाही. त्यात जेवताना भोपळ्याचं सूप साडीवर सांडलं, आणि मी मार्गारेटचा फुलाफुलांचा झगा घालून तिच्या व्हरांड्यात बसले. समोर तारेवर गुलाबी काकाकुवा कलकलत होते.

कागद पुढे केले, तर ती म्हणाली, "मला आता अक्षरं दिसत नाहीत. तू वाच. प्रहसन वाच."

"तुम्हाला मराठी कुठे कळतं?"

"नाटक पाठ आहे मला. आवाजावरून कळेल."

वाचू लागले. तिसऱ्या अंकात बायको पुस्तकात बुडालेल्या नवऱ्याला म्हणते, 'पाणी तिसऱ्यांदा निवलं. आता ते स्वतःच आंघोळ करून निघून जाईल!'

मी थांबले. हे वाक्य माझं होतं. पुढचंही. त्याच्या पुढचंही.

मार्गारेट हसत होती. "ही बायको तुझ्या नवऱ्याला कितीतरी वर्षं मराठीत बोलती करता येत नव्हती. मग एकदा पत्रात लिहिलं त्याने, आता सापडली. स्वयंपाकघरात बोलते, मी दाराशी बसून उतरवून घेतो."

"मला वाटायचं, ह्यांना माझं काही ऐकूच येत नाही," मी म्हणाले. तिने चाचपत माझा हात धरला.

शेवटच्या पानावर नवरा माफी मागतो. खाली बायकोचं नाव, आणि पुढे कोरं.

"मूळ नाटकात काय म्हणते ती?" मी विचारलं.

"एका ओळीत क्षमा करते."

"इतक्यात?"

"मलाही ते कधी पटलं नाही," मार्गारेट म्हणाली.

कागद मी परत आणले. आता मुलगा-सून कामावर गेले की ग्लेन वेव्हर्लीच्या घरात टेबलाशी बसते आणि ते कोरं पान भरते. माझी बायको चौथ्या पानावर पोचली आहे. अजून भांडतेच आहे.