समजावून परत पाठवायची मुलगी

१२ मार्च २०१४, बुधवार. सकाळी आठ वाजता मस्कतच्या हमरिया भागातल्या आमच्या ऑफिसच्या मागच्या हॉलमध्ये मी सहा मुलींच्या डोक्यांतून फणी फिरवत बसले होते. मुली आदल्या दिवशीच्या विमानाने मुंबईहून आल्या होत्या. गिऱ्हाईक बघायला यायच्या आत उवा काढून व्हायला हव्यात, हा नियम मीच घातला होता. पूर्वी एक मुलगी घरात पाऊल टाकल्याच्या दिवशीच उवांपायी परत आली होती.

ऑफिस घरकामाला बायका पुरवायचं. मालक ओमानी, कारभार बघणारा मॅनेजर आपल्याकडचा, आणि मी मुलींना तयार करणारी. नवऱ्याची नोकरी मस्कतच्याच गाला भागात, मुलं कॉलेजला गेलेली, घरी बसून करायचं काय म्हणून मी हे काम धरलं होतं. शिकवायचं फार नसे. वॉशिंग मशीन कसं लावायचं, कोणत्या फडक्याने काय पुसायचं, उलट बोलायचं नाही. आणि वय. तिशीच्या आतल्या बाईला घरकामासाठी आखातात सोडत नसत, म्हणून एजंट पासपोर्टावर वय वाढवून आणायचा. मुलीला ते पाठ हवं. मी हिंदीतून घोकून घ्यायची, कारण गिऱ्हाईक बहुतेक हिंदीतूनच विचारायचे. ‘उमर कितना?’ ‘इकतीस.’ झोपेतून उठवून विचारलं तरी.

त्या दिवशी हॉलमध्ये सातवी मुलगी होती ती नवी नव्हती. दोन महिने इब्र्याला, म्हणजे आतल्या भागातल्या एका गावी, एका घरी काम करून सोमवारी परत आली होती. परत म्हणजे तिच्या अर्बाबने, घरमालकाने, स्वतः गाडीतून आणून सोडली होती. तीन महिन्यांच्या आत बाई पसंत पडली नाही तर बदलून द्यायची, असा आमचा करार. पण बदलून देण्याआधी समजावून बघायचं, ही ऑफिसची पद्धत. तो म्हणाला, “रोटी चोरती है. समझाओ. नहीं तो दूसरा दो.” गुरुवारी सकाळी येतो म्हणाला.

समजावायचं म्हणजे हॉलमध्ये भिंतीला बसवून ठेवायचं, फोन द्यायचा नाही, जेवण एकदाच. बाकीच्या मुली एवढ्याने तीन दिवसांत समजत. हिला त्याचं काहीच वाटलं नाही. ती कोकणातल्या एका बालिकाश्रमात वाढलेली होती. एकदा जेवण म्हटल्यावर तिने फक्त विचारलं, “सकाळी की संध्याकाळी, बाई?” आश्रमातल्या अधीक्षिकेला ती बाई म्हणायची, म्हणून मलाही बाई.

सोमवारीच मी तिला विचारलं होतं, गादीखाली सापडलेले अकरा खुबूस, म्हणजे इथल्या अरबी रोट्या, कुठून आले?

“चोरले नाहीत. माझ्या वाटणीचेच. अर्धा खायचा, अर्धा ठेवायचा.”

“कशाला?”

“सकाळी नाही मिळाला तर?”

“मिळत नव्हता का?”

“मिळत होता की.” मग म्हणाली, “आश्रमात सगळ्याच ठेवायच्या. पोळी निदान दुसऱ्या दिवशी खाता येते. हा खुबूस चामड्यासारखा होतो.”

बुरशी आलेलेसुद्धा तिने टाकले नव्हते. इब्र्याच्या मॅडमने आधी स्वयंपाकघराला कुलूप घातलं, मग हिचे केस कापले, मग कालथ्याने बोटांवर मारलं. उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नव्हती. ती मला दाखवून म्हणाली, “तिथे परत नका पाठवू. दुसरीकडे कुठेही द्या. चार मजली घर असलं तरी चालेल.”

मी सांगितलं, गुरुवारपर्यंत कोणी घेतलं तर बघू. मॅनेजरला ते मान्य होतं. इब्र्याला नव्या सहांपैकी एक गेली असती, काम भागलं असतं.

आणि त्या बुधवारी अकरा वाजता पुण्याची एक बाई आली. चाळिशीची, नीटनेटकी, नवरा मोठ्या कंपनीत. तिला मराठी बोलणारीच हवी होती.

“आमची मुलगी नऊ वर्षांची आहे,” ती मला म्हणाली. “मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर. आजीचा फोन आला की हाय आजी, बाय आजी, संपलं. घरात कोणीतरी दिवसभर मराठी बोलणारं हवंय.”

मी तिला फक्त इब्र्याहून आलेलीच दाखवली. ओढणी डोक्यावरून घ्यायला लावली, म्हणजे केस दिसणार नाहीत. हात मागे बांधून उभी राहा म्हटलं. बाहेर सोफ्यासमोर ती उभी राहिली. बाईंनी विचारलं, पुरणपोळी येते का? येते म्हणाली. गोष्टी सांगता येतात का? ती म्हणाली, “लहान मुली माझ्याकडेच झोपायच्या. भुताच्या सांगू की राजाच्या?” बाई हसल्या. मी कागद पुढे करायला घेतले.

“आणि वय काय गं तुझं?”

“एकवीस,” ती म्हणाली. “सव्वीस जानेवारीला एकवीस झालं. आमच्या सगळ्यांचे वाढदिवस सव्वीस जानेवारीलाच असतात. झेंडा झाला की जिलेबी.”

हिंदीत विचारलं असतं तर इकतीस आलं असतं. मराठीत तिला कोणी पढवलंच नव्हतं. ती चूक माझी.

बाईंनी पासपोर्टाची प्रत हातात घेतली, वाचली, परत टेबलावर ठेवली. “यात एकतीस लिहिलंय.”

“पासपोर्टावर असतं तेच खरं,” मी म्हटलं.

“ही एकतीसची आहे? माझ्याकडे बघून सांगा.”

“तुम्हाला कामाला बाई हवी आहे ना? ती काम करेल.”

“उद्या काही झालं तर यांच्या नोकरीवर येईल हो. आणि तुम्ही मराठी बाई असून हे करता? तुम्हाला काहीच वाटत नाही?”

“वाटतं. घेताय का?”

“नाही,” त्या म्हणाल्या. जाताना पर्समधला बिस्किटांचा पुडा काढून त्यांनी मुलीच्या हातात दिला. मुलीने तो न फोडता कमरेला खोचला. बाईंनी ते पाहिलं आणि जिना उतरून गेल्या.

मॅनेजर आतल्या खोलीतून बोलला, “मॅडम, इब्रावाली का आज खतम करो.”

मुलगी म्हणाली, मी तिथे जाणार नाही. मुंबईला पाठवा, मी आश्रमात परत जाते. लहान मुलींचं करते, मला पगार नको.

मी वाद घातला नाही. आश्रमाचा नंबर तिच्या फाइलीत होता. मी टेबलावर फोन ठेवला, स्पीकर लावला, आणि तिला समोर बसवून अधीक्षिकेला फोन केला. मुलीला हे ऐकवायचंच होतं.

“हो हो, आठवते ना,” अधीक्षिका म्हणाल्या. आवाज गडबडीतला होता, मागे मुलींचा गलका. “कशी आहे? जाड झाली असेल.”

“परत यायचं म्हणते. आश्रमात.”

“असं कसं? अठरा झाली की आमच्याकडे नाव राहत नाही. हिला तर वर दोन वर्षं ठेवून घेतलं. तिची कॉट गेली दुसरीला. इथे एकेका कॉटवर दोघी झोपतात हो.”

“तेच तिला सांगते.”

“खायला नीट मिळतंय ना तिथे? मग रडते कशाला? तिला म्हणावं, तुझ्या मागून चौघी जायच्या आहेत, नाव खराब करू नकोस.”

“रडत नाहीये,” मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

ती खरंच रडत नव्हती. तिने विचारलं, “माझी कॉट कोणाला दिली?”

“मला काय माहीत?”

“खिडकीजवळची होती,” ती म्हणाली. मग उठून आपल्या जागी भिंतीला जाऊन बसली. मी मॅनेजरला सांगितलं, झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता अर्बाब खाली गाडी चालू ठेवून उभा होता. मी तिची पिशवी खाली नेली आणि पासपोर्ट त्याच्या हातात दिला.

“समझ गया?” त्याने विचारलं.

“समझ गई. खलास.”

ती मागच्या सीटवर आपणहून बसली. मी दार लावलं, आतून उघडत नाही ना ते तिलाच कडी ओढायला लावून बघितलं, आणि वर गेले.