हळदीकुंकवाचं अत्तर

मोगऱ्याच्या अत्तराचा वास आला की साताऱ्याच्या ऑफिसातलं संक्रांतीचं हळदीकुंकू आठवतं. माझ्या अंगाला कायम घामाचा दर्प यायचा. दोनदा आंघोळ, तुरटी, डॉक्टरांची औषधं, कशानंच तो जात नव्हता, आणि शेजारच्या बाईंची खुर्ची हळूहळू खिडकीकडं सरकली होती. त्या दिवशी अत्तर लावणाऱ्या मावशींनी प्रत्येकीच्या हातावर एकेक बोट फिरवलं, पण माझ्यापाशी आल्यावर, "आवं, तुमाला जरा जास्तच लावते," म्हणत अख्खी कुपी माझ्या मनगटांवर आणि गळ्यावर रिकामी केली. कुणी हसलं नाही. सगळ्याजणी हातातल्या तिळगुळाकडं बघत राहिल्या. उंब्रजपर्यंत एसटीत जागा असूनही मी दारापाशी उभी राहिले. घरी पोचले तर चिमुरडी लेक धावत येऊन बिलगली आणि तशीच मागं सरली. "आई, तुजा वास कुटं गेला गं?" म्हणून रडायलाच लागली. मी साबणानं गळा, हात खसाखसा धुतले, तेव्हा कुठं ती कुशीत आली. आता ती पुण्यात शिकते. परवा घरी आली होती. जाताना माझ्या पर्समध्ये डिओचा एक स्प्रे ठेवून गेली.