एहादच्या पुढे

शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विसाव्याच्या दुपारी, आदल्या दिवशी रांधून ठेवलेला आमटी-भात जेवून हानोख चौलकर आडवा होतो आणि डोळा लागायच्या आत सवयीनं शेमा म्हणायला घेतो. झालं, पुन्हा तेच! देव एक आहे, एवढंच सांगणारी प्रार्थनेची पहिली ओळ. डोळ्यांवर हात ठेवायचा, मन जागेवर ठेवायचं आणि शेवटचा शब्द ‘एहाद’, म्हणजे ‘एक’, लांबवून म्हणायचा. शेंबडी पोरंही घडाघडा म्हणतात. पण हानोखचं मन मध्येच कुठेतरी जातं, मग ‘ही काही खरी नाही’ म्हणत तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. चौदा वेळा, वीस वेळा. अकरा महिने हा गडी एका ओळीत कोंडून पडलाय.

आज सकाळी तर कहरच केला. वडिलांच्या नावानं कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायचे अकरा महिने आज संपतात. त्याला दहा पुरुष हजर लागतात, आणि अलिबागेत दहा जमवणं म्हणजे काय ते त्याच्या बायकोला, दीनाला, विचारा. दोघं तर शुक्रवारीच पेणहून येऊन राहिलेत. आणि हा सिनेगॉगमध्ये डोळ्यांवर हात धरून शेमातच अडकला! वाट बघून दोन म्हातारे घरी गेले, दहाचे आठ झाले, कद्दीश राहिला. आता उरलीय फक्त संध्याकाळ. तीही हुकली की बापाचा शेवटचा कद्दीश कायमचा हुकला.

“शेमा...” तो पुटपुटतो. जीभ जड होते.

गाडी हलते. एस.टी. आहे, रिकामी. पुढच्या बाकावर बाबा बसलेत, खाकी कपड्यात. शिमशोन चौलकर, चौतीस वर्षं अलिबाग-पेण गाडी हाकणारे ड्रायव्हर. ते वारलेत हे हानोखला ठाऊक आहे, तरी त्याला नवल वाटत नाही.

“बाबा, शब्बाथला गाडी?”

“मी कुठे चालवतोय? मेलेल्याला कसली आलीय ड्युटी! स्टिअरिंग कुणाच्या हातात आहे बघ.”

हानोखच्याच हातात आहे. वडखळचा नाका येतो, जातो आणि पुन्हा वडखळचाच नाका येतो. तो ब्रेक दाबतो, लागत नाही. उतरायला बघतो, तर दाराच्या जागी सरळ पत्रा. तो पत्र्यावर मुठी आपटतो.

“बाबा, मला बाहेर काढा हो.”

स्टिअरिंग गार पडलंय. नाही, ही दवाखान्यातल्या खाटेची दांडी आहे. बाबा खाटेवर आहेत, श्वास मोजके राहिलेत, आणि त्यांच्या कानाशी शेवटचा शेमा म्हणायला हानोख वाकलाय. अकरा महिन्यांपूर्वी वाकला होता, तसाच.

“सांग, तेव्हा काय झालं,” बाबा पडल्या पडल्या विचारतात.

“ओळ म्हणत होतो. पण मन तुमच्यापाशी नव्हतं.”

“कुठे होतं मग?”

हानोखला रडू फुटतं. “खाली कॅन्टीनमध्ये. बटाटेवड्यात. तुम्ही जात होतात, बाबा, आणि मला वडा दिसत होता! एहाद म्हणेपर्यंत तुम्ही गेलातसुद्धा.”

“गरम होता?”

“काय?”

“वडा.”

“माहीत नाही. खाल्लाच नाही.”

“खायचास ना, गाढवा! आदल्या रात्रीपासून उपाशी होतास. माझ्या कानाशी तुझा आवाज होता, मी तो धरून होतो. तुझ्या वड्याशी मला काय करायचंय?”

खाटेभोवती घाणा फिरतोय. बैल झापडं लावून चालतोय, मागून माणसं हाकताहेत, तिळाच्या तेलाचा वास येतोय.

“ही आपली जुनी माणसं,” बाबा उठून बसतात. “दूर देशाहून येताना नौगावला गलबत फुटलं, पोथ्या बुडाल्या, भाषा गेली. ही एवढी ओळ उरली. ती घाणा हाकताना म्हणायची. एक डोळा बैलावर, एक तेलावर, पोर रडतंय ते वेगळंच. देवानं त्यांना परत पाठवलं का, नीट म्हणून या म्हणून?”

हानोख बाहीनं डोळे पुसतो.

“मीही कार्ले खिंडीत रोज म्हणायचो. समोर म्हैस यायची. म्हशीकडे बघायचं आणि पुढचा शब्द घ्यायचा. प्रत्येक म्हशीपाशी गाडी परत अलिबागला नेली असती, तर पेण आलं असतं का कधी? ये इकडे.”

बाबा त्याच्या डोळ्यांवर स्वतःचा पंजा ठेवतात. ग्रीसचा वास. दोघं मिळून म्हणतात. एहादपाशी वडा येतोच, मेला. हानोख थांबतो. “शे—”

पंजा घट्ट दाबला जातो. “पुढे.”

“पण बाबा, मन—”

“पुढे चल, हानू.”

आणि हानोख पुढची ओळ म्हणतो. मग तिच्या पुढची. रडत रडत, वड्यासकट.

“अहो, उठा! ऊन उतरलं. पेणचे पाहुणे केव्हाचे सिनेगॉगला गेलेत.” दीना खांदा हलवते आणि एकदम ओरडते, “अगंबाई! तोंड कशानं बरबटवलंत? शब्बाथला कुठल्या गाडीला हात लावलात?”

तो कपाळ चाचपतो. बोटाला काळं ग्रीस लागतं. दीना पदर ओला करून पुसायला येते, तो तिचं मनगट धरतो.

“राहू दे. बाबांचा हात आहे.”

दीना पदर सोडते. मग ती आपला पंजा त्या पाच बोटांच्या डागांवर ठेवून बघते, तो पुरत नाही. हानोखचा धरून बघते, तोही पुरत नाही. तिचे डोळे भरून येतात.

“चला,” ती त्याची टोपी पुढे करते, “नऊ जण थांबलेत.”