आधी दहा अळ्या

९ ऑक्टोबर. रेशमाच्या अळ्यांसाठी सकाळी तुतीच्या फांद्या कापत होते. कुंपणापलीकडच्या रिसॉर्टवाल्यांनी आदल्या संध्याकाळी डासांसाठी धूर सोडला होता आणि वारा आमच्याकडे होता. पाला नाकाशी धरला, तर औषधाचा वास.

अळ्या तीन-चार दिवसांत कोष करणार होत्या. त्या कोषांचा धागा आम्हीच काढतो. सासऱ्यांनी भातखाचरांच्या वरच्या पट्टीत तुती लावली, तेव्हा नुसते कोष विकायचे. व्यापारी डागी कोष मागे टाकायचे. ते सासूबाई पातेल्यात उकळून रहाटावर धागा काढू लागल्या. धंदा तिथून उभा राहिला. आता यंत्र आहे, येवल्याचे विणकर धागा नेतात. अळी उपाशी राहिली तर कोष पातळ होतो आणि धागा सारखा तुटतो. विषारी पाला पोटात गेला, तर कोषच नाही.

"आधी धा अळ्यास्नी घाल," सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्याला पटेना. तोवर बाकीच्यांनी काय खायचं, धूर काय पानावर बसून राहतो का, असं त्याचं चाललं होतं.

"तुझ्या बापानं तंबाखू मळल्या हातानं पाला घातला व्हता," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिशी मेलेल्या अळ्या खराट्यानं गोळा केल्या. तू बी त्याच्यावरच गेलायस."

तो यंत्राकडे निघून गेला.

सुपात दहा अळ्या वेगळ्या काढून पाला घातला. दर अर्ध्या तासानं बघत होते. दुपारपर्यंत दहाही खात होत्या. रॅकवरच्या हजारो अळ्या माना वर करून पाला शोधत होत्या. दोन वाजता मी भारा उचललाही, पण आणखी एक तास थांबायचं ठरवलं. तीनच्या आत सुपातली एक हिरवं ओकली. चारपर्यंत तिघी वळवळून आडव्या झाल्या.

सगळा भारा खड्ड्यात टाकला. लांबच्या बांधावरचा चांगला पाला निम्म्या रॅकलाच पुरला. माले गावातल्या एका तुतीवाल्याला फोन केला. पाला हाय, पण कापायला माणूस न्हाई, म्हणाला. मी येते म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच टेम्पो काढला, माल्यातून पाला कापून आणला आणि आठच्या आत रॅकवर पसरला. अळ्या खायला लागलेल्या बघितल्या. मग हात धुऊन रिसॉर्टच्या मॅनेजरकडे गेले आणि धूर कोणत्या वारी सोडता, ते कागदावर लिहून मागितलं.