चार महिने दहा दिवसांचा कर

जैनुद्दीनच्या पेट्यांवरचे गुलाब चांदबीच्या हातचे असत, हे श्रीरामपुरात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. पत्रा कापायचा, ठोकायचा, कड्या बसवायच्या हे त्याचं काम. तयार पेटी मागच्या दाराने घरात यायची आणि चांदबी झाकणावर दोन गुलाब आणि मधे एक मोर काढायची. लग्नसराईत पेट्या पुरायच्या नाहीत.

एकाहत्तरच्या जानेवारीत तीन दिवसांच्या तापाने जैनुद्दीन गेला. चांदबी इद्दतीत बसली. विधवेने चार महिने दहा दिवस उंबरा ओलांडायचा नाही, परपुरुषासमोर यायचं नाही. दुकानाला कुलूप लागलं. कारागीर कानिफनाथ दुसरीकडे मजुरीला गेला.

दर तिमाहीला विक्रीकराचं विवरणपत्र भरावं लागतं, हे तिला माहीत होतं. जैनुद्दीन ते शेजारच्या रंगनाथ शिंप्याकडून लिहून घ्यायचा. पण दुकानच बंद, विक्री नाही, तर भरायचं काय, असं धरून ती बसली.

मे महिन्यात विक्रीकर कचेरीचा शिपाई घरी आला.

"मालक वारले," चांदबी पडद्याआडून म्हणाली. "मी इद्दतीत हाय."

"कागद घ्या बाई, मग बसा कितीबी दिवस."

नणंद मेहताबने तो त्याच्या हातातून ओढून घेतला. "मयताच्या घरी कागद वाटत फिरतोस? आईनं काय शिकवलं तुला?" अंगठा उठवून तिने त्याला वाटेला लावलं आणि कागद कोपऱ्यातल्या पेटीत टाकला. पुढच्या आठवड्यात दुसरा आला. तोही तिथेच गेला. इद्दत सुटेपर्यंत सगळंच थांबतं, असं दोघींनीही गृहीत धरलं होतं.

इद्दत सुटली तेव्हा लग्नसराई उलटून गेली होती. शेवगावहून भावाचं, खाजाभाईचं पत्र आलं होतं : दुकान विकून टाक, इकडे ये, एक खोली आहे. त्या खोलीबरोबर भावजयीची सहा पोरं आणि सगळ्यांचं धुणं येणार, हे चांदबीला न लिहिताच कळलं. तिने उत्तर धाडलं नाही. कानिफनाथला परत बोलावलं. तो पत्रा कापेल, आपण रंगवू, एवढा तिचा हिशेब होता.

मग तिने पेटीतले कागद रंगनाथपुढे ठेवले. त्याने ते दोनदा वाचले.

"वहिनी, सुनावणीची तारीख होती ही. तुम्ही गेला नाहीत, म्हणून साहेबांनी गेल्या वर्षीच्या विक्रीवरून कर लावलाय. लग्नसराईचा आकडा. वर दंड. सातशे वीस."

"दुकान तर बंद हुतं!"

"ते मला ठाऊक. त्यांना कुणी सांगितलं?"

रंगनाथला घेऊन ती कचेरीत गेली. साहेबांनी तिला खुर्ची दिली, मृत्यूचा दाखला नीट पाहिला.

"माणूस गेल्याचा पुरावा आहे हा. दुकान बंद असल्याचा नाही. नोकरही दुकान चालवतात."

"साहेब, सांगायला बाहेर पडले असते तर इद्दत मोडली असती."

"दोन ओळींचं कार्ड टाकलं असतंत तरी चाललं असतं," साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. कार्ड मेहताबनेही टाकलं असतं. "अपील करा. पण आधी पैसे भरावे लागतील. नाहीतर सहा हप्ते देतो. एक चुकला की बाकीचे सगळे एकदम, आणि जप्ती."

तिने हप्त्यांच्या अर्जावर सही केली.

एकशे वीस रुपये महिना. ऑगस्टमध्ये सात पेट्या विकल्या, त्यातून हप्ता गेला, आणि नव्या पत्र्याला पैसे उरले नाहीत. सप्टेंबरात होता तो पत्रा संपत आला. दिवाळीनंतर कानिफनाथ रिकाम्या दुकानात हातावर हात ठेवून बसला.

"भाभी, पत्रा न्हाई तर मी कापू काय? वारं?"

"मोहरमनंतर बघू," ती म्हणाली. कशाच्या जोरावर, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मधले हप्ते घरातली एकेक वस्तू विकून गेले. जानेवारीत, सहाव्या हप्त्याला, दुकानात विकण्यासारखी फक्त जैनुद्दीनची हत्यारं उरली होती. मोठी कात्री, ऐरण, तीन हातोड्या. कानिफनाथनेच ती घेतली. उधारउसनवार करून आणलेल्या नोटा त्याने तिच्या हातात न देता फळीवर ठेवल्या.

"उस्ताद बगत आसल तर काय म्हनल वो?"

"म्हणेल, कात्रीला तेल देत जा."

हप्ता भरून तिने तिथल्याच कारकुनाला विचारलं, दुकानाचा विक्रीकराचा नंबर रद्द कसा करायचा.

"अर्ज द्या. आणि या तिमाहीचं विवरणपत्र."

सोबत आलेला रंगनाथ बाकावर टेकून लिहू लागला. विक्रीच्या रकान्यापाशी थांबला. "काय लिहू?"

चांदबीने पेन मागून घेतलं. गुलाब काढताना ती आधी असाच एक गोल काढायची, मग आत पाकळ्या भरायची. तिने गोल काढला आणि पेन परत दिलं.

कारकुनाने शिक्का मारला. विवरणपत्राच्या मुदतीला अजून तीन महिने होते.